कोरडा हात

"हेमाताई, जरा हिकडं या. पोरीला उजेडात बघा."

गोदाक्का न्हाणीच्या दारात पाय लांब करून बसली होती आणि तिच्या नडग्यांवर माझी भाची रेवा पालथी पडली होती. अंघोळ होऊन अंग पुसून झालं होतं. मी रोजच्यासारखी खोबरेल तेलाची वाटी घेऊन उभी होते.

"काय झालं?"

"पाठीवर केसं बघा. आन् कपाळालाबी. गेल्या सोमवारी एवढी नव्हती."

"लव असतेच बाळांना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मंजूलाही होती. डाळीचं पीठ आणि साय लावून चोळ, निघून जाईल."

"लव मला कळती, वयनी. तीस वरसं पोरं न्हाऊ घालतीया मी. लव भुरी असती आन् दिसागणिक झडत जाती. ही काळी हाय आन् वाढाय लागलीया."

मी वाकून बघितलं. रेवा तेव्हा अडीच महिन्यांची होती. तिच्या भुवयांच्या वर, कानांच्या पाळ्यांवर, दंडांवर आणि पाठीच्या मधोमध बारीक काळे केस आले होते. बघितल्याबरोबर दिसतील असे नव्हते, पण एकदा दिसले की नजर हटेना असे होते.

"बापावर गेलीय," मी म्हणाले. "अभिजितरावांच्या दंडावर काय कमी रान माजलंय?"

खाटेवर बसलेली रेवाची आई, मंजिरी, हसली. आईही हसली. गोदाक्का हसली नाही. रेवाला माझ्या मांडीवर देत तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "हात कोरडा हाय न्हवं?"

"कोरडाच आहे," मी म्हणाले आणि रेवाची टाळू भरायला बसले.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आम्ही कऱ्हाडचे. वडील गेल्यावर घरात आई आणि मी दोघीच होतो. मी हायस्कूलच्या ग्रंथालयात कामाला होते. मंजिरी माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. तिचं लग्न होऊन ती सांगलीला गेली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. थोरलीला बाजूला ठेवून धाकटीचं लग्न झालं, की थोरलीत काहीतरी खोट असणार असं लोक धरूनच चालतात. माझी खोट तर डोक्यावरच होती, शोधायलाही लागत नव्हती.

अठ्ठाविसाव्या वर्षापासून माझे केस विरळ व्हायला लागले. आधी भांग रुंदावला, मग भांगाच्या दोन्ही बाजूंनी डोक्याची कातडी दिसायला लागली. साताऱ्याच्या एका स्थळाच्या वेळी मुलाच्या आईनं मला कुंकू लावलं आणि तोच अंगठा हळूच माझ्या भांगावरून मागे नेला. भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तसं. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी नेलीच नव्हती. कांद्याचा रस, जास्वंद, माका, कढीपत्ता, सगळं करून झालं. डोक्याला मोहरीची फोडणी द्यायची तेवढी राहिली होती. तेहतीस वर्षांची झाले आणि मनात एक विचार ठाण मांडून बसला, की हे केस गेले की माझं सगळंच गेलं. आज हे लिहिताना मला माझी कीव येते, पण तेव्हा मी उठता-बसता तेच आणि तेवढंच बघत होते.

श्रावणात मी इस्लामपूरला गेले आणि एका औषधाच्या दुकानातून केस उगवायचं औषध आणलं. कऱ्हाडात घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या पेठेत झालं असतं. "दोन ताकदींचं येतं," दुकानदार म्हणाला, "कुठलं देऊ?" मी म्हणाले, "जास्त जोराचं असेल ते द्या." कुणासाठी, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाण्यासारखं पातळ औषध, सोबत एक ड्रॉपर. खोक्यातला कागद मी स्टँडवरच उघडला. वरचं वाचलं, एक मिली सकाळी, एक मिली संध्याकाळी, बोटांनी पसरून लावायचं. बाकीचं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात होतं. खोकं आणि कागद फाडून तिथल्याच कचऱ्यात टाकला आणि बाटली पर्समध्ये घालून घरी आले. पुस्तकांच्या गराड्यात दिवस काढणारी मी, पण तो कागद काही शेवटपर्यंत वाचला नाही.

तिसऱ्या आठवड्यात कंगव्यात मुठीनं केस यायला लागले. आगीतून निघून फुफाट्यात पडले. सुरुवातीला जुने केस गळतात आणि मग नवे येतात, हे त्याच कागदात खाली लिहिलेलं होतं, ते मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटलं, औषध कमी पडतंय. मी एकाचे दोन ड्रॉपर केले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. बोटांना राहिलेलं वाया जाऊ नये म्हणून तेही भांगाच्या कडेनं चोळायची आणि बोटं पदराला पुसायची.

आणि दिवाळीनंतर केस आले. खोटं कशाला सांगू, आले. भांगाच्या दोन्ही अंगांना बारीक, कोवळे, माझे स्वतःचे केस. मी आरशासमोर उभी राहून रडले. त्याच महिन्यात रेवाचा जन्म झाला आणि त्याच्या पुढच्या महिन्यात मुकुंद हेर्लेकर मला बघायला आले. कोल्हापूरला विमा कार्यालयात होते, अडतीस वर्षांचे, शांत माणूस. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कानांच्या वरती काही उरलं नव्हतं, पण पुरुषाच्या टकलाकडे कोण बघतं? होकार आला. माघात साखरपुडा ठरला. त्या दिवसांत जिना चढले तरी माझ्या छातीत धडधडायचं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटायचं, लग्न ठरलेल्या मुलींना असं होतच असेल.

आता टाळूचं सांगायला हवं. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा मधला भाग मऊ असतो, आत ठोका लागल्यासारखा उडत असतो. तिथं रोज तेल घालून बोटांनी हळूहळू जिरवायचं, म्हणजे टाळू भरायची. गोदाक्काचे त्यातले दोन नियम होते. टाळू रोज एकाच हातानं भरायची, हात बदलला की पोर किरकिरं होतं. आणि हात कोरडा हवा. पाण्याचा हात लागला की टाळूत सर्दी शिरते. आईचा उजवा हात कंपवातानं थरथरायचा. मंजिरीला त्या उडणाऱ्या ठोक्याची भीती वाटायची. राहिले मी. बाराव्या दिवसापासून रेवाची टाळू माझ्या हाताला लागली.

मला ते फार आवडायचं. सकाळी माझी अंघोळ, मग खोलीचं दार लावून औषध, तोवर गोदाक्का रेवाला न्हाऊ घालत असायची. हाक आली की मी कोरड्या हातानं जायची, वाटीत तीन बोटं बुडवायची आणि तिच्या टाळूवर ठेवायची. ती डोळे मिटायची. संध्याकाळी ती माझ्या खांद्यावर, माझ्या मोकळ्या केसांत तोंड खुपसून झोपायची. मंजिरी म्हणायची, "ताई, ही माझी कमी आणि तुझीच जास्त आहे." मला स्वतःचं मूल होईल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून ते वाक्य मी दिवसभर पुरवून पुरवून आठवायची.

गोदाक्कानं केस दाखवले त्यानंतर पंधरा दिवसांत हसण्यासारखं काही राहिलं नाही. कपाळ भरलं. गालांवर कल्ले आल्यासारखं दिसायला लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे रेवा दूध ओढताना दमायची. चार घोट घेऊन सोडून द्यायची आणि माघाच्या गारठ्यातही तिच्या मानेला घाम असायचा. मंजिरीनं तिला कुंचीत गुंडाळलं आणि आम्ही दोघी तिला डॉक्टर गोसावींकडे घेऊन गेलो. गावातले जुने बालरोगतज्ज्ञ. त्यांनी रेवाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"ठोके जलद आहेत," ते म्हणाले. "आणि हे केस. पोटात मूत्रपिंडाच्या वर एक ग्रंथी असते, तिच्यात काही बिघाड असला तर असं होऊ शकतं. गाठही असू शकते. घाबरू नका, असेलच असं नाही. पण पुण्याला दाखवावं लागेल."

मंजिरीनं माझा हात घट्ट धरला.

गोसावी लिहिता लिहिता थांबले. "एक सांगा. घरात कुणी हार्मोनचं मलम वगैरे वापरतं का? किंवा केस वाढवायचं औषध, डोक्याला लावायचं? बाळाला त्याचा हात लागतो का?"

माझ्या छातीत तेव्हा धडधडत होतं. गेले तीन महिने धडधडत होतं. आणि रेवाच्याही छातीत धडधडत होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत मला सगळं कळलं. माझी बोटं, पदराला पुसलेली, न धुतलेली, तेलाच्या वाटीत बुडवलेली.

"आमच्याकडं कोण लावतंय?" मंजिरी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "नाही ना गं ताई?"

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. अकरा दिवसांनंतरची वेळ मिळाली.

मी का खोटं बोलले, याची उत्तरं मी नंतर पुष्कळ तयार केली. घाबरले होते, नीट विचार करायला वेळ नव्हता, वगैरे. एकही खरं नाही. खरं एवढंच की साखरपुड्याला एकोणीस दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात, कपाटांच्या मधल्या बोळात उभं राहून मी नव्या बाटलीच्या खोक्यातला कागद शेवटपर्यंत वाचला. लावून झाल्यावर हात साबणानं धुवावेत. सांगितल्यापेक्षा जास्त लावू नये. छातीत धडधड, चक्कर आल्यास बंद करून डॉक्टरांना दाखवावं. मुलांपासून लांब ठेवावं. आणि शेवटी, औषध थांबवल्यास आलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात. सगळं होतं. मला कुणी फसवलं नव्हतं. मी कागद बारीक घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि ठरवलं, की गुपचूप हात आवरायचा. माझा स्पर्श थांबला की रेवाचे केस आपोआप जातील, पुण्याला जायची वेळच येणार नाही, आणि हे कुणाला कधी कळणार नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती माझी काडी.

घरी येऊन सांगितलं, मला अडचण आली आहे, चार दिवस बाळाला शिवणार नाही. आईनं बोटांवर दिवस मोजले.

"आत्ता दहा दिवसांपूर्वी तर झाली होतीस."

"या महिन्यात लवकर आली."

"लग्नाच्या काळजीनं होतं असं," आई म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या थरथरत्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते चार दिवस आईनंच डाव्या हातानं कशीबशी टाळू भरली. पाचव्या दिवशी गोदाक्कानं रेवाला पुन्हा माझ्या मांडीवर दिलं. मी साबणानं दोनदा हात धुऊन आले होते. तिनं माझी बोटं धरून बघितली.

"वल्ला हात? हेमाताई, आवं लेकरू आधीच आजारी हाय. आन् तुमाला आताच वल्ल्या हातानं टाळू भराय सुचतंया व्हय?"

आई म्हणाली, "पूस गं हेमा. तुझं लक्ष कुठं असतं?"

मी हात पुसला. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आणि ती खाताना बरंही वाटलं, निदान कशाबद्दल तरी कुणी रागावत होतं. संध्याकाळी रेवा खांद्यावर यायला लागली की मी डोक्याला स्कार्फ बांधायची, थंडी वाजते म्हणून. ती तोंड घालायला केस शोधायची आणि रडायची.

आणि औषध? ते मी बंद केलं नाही. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. बंद करायचं रोज सकाळी ठरवायची, दोनाचा एक ड्रॉपर केला, आणि तो लावत राहिले.

पुण्याच्या तीन दिवस आधी मंजिरीच्या सासूबाई सांगलीहून आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण नातीला उजेडात नेऊन बघितल्यावर त्यांचा चेहराच उतरला. कुंचीच्या कडेनं दिसणारं ते कपाळ त्यांनी बोटानं झाकून बघितलं, जणू झाकलं की जाईल.

"आमच्या घरात सात पिढ्यांत असलं काही नाही," त्या मंजिरीला म्हणाल्या. "त्यात मुलीची जात. दिवस असताना काय खाल्लंस, काय लावलंस, खरं सांग. आत्ता सांगितलंस तर डॉक्टरांना उपयोग होईल."

"काही नाही हो आई. देवाशप्पथ काही नाही."

"काहीतरी केल्याशिवाय का असं होतं?"

त्या बोलत होत्या तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर बसून मटार सोलत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं तोंड खवखवून गेलं होतं, पण उघडलं नाही.

त्या गेल्यावर मंजिरी माझ्या खोलीत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लहानपणी पडायची तशी.

"ताई, एक सांगू? कुणाला बोलू नकोस."

"बोल."

"पाचव्या महिन्यात ग्रहण होतं. घरी कुणी नव्हतं. मला फार भूक लागली म्हणून मी काकडी चिरली. सुरी हातात घेतली होती मी."

"वेडी आहेस का? त्यानं काही होत नाही."

"मग कशानं झालं?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिचे केस दाट होते. बाळंतपणानंतरही दाटच होते.

"मी तिच्याकडे बघते ना, तेव्हा वाटतं, माझं काहीतरी पाप हिच्या अंगावर उगवलंय," मंजिरी म्हणाली. "गाठ निघाली तर? एवढ्याशा पोटावर सुरी चालवणार का गं?"

"नाही निघणार."

"तू कशी सांगतेस?"

"मला माहीत आहे," मी म्हणाले. ती मला बिलगून रडली, आणि त्या दिवसापासून दिवसातून एकदाच जेवायला लागली. अंगावर पाजणारी बाई, एकभुक्त राहायला लागली. मी ताट घेऊन तिच्यामागे फिरायची आणि ती म्हणायची, "तू आहेस म्हणून मी उभी आहे गं."

त्याच दिवसांत मुकुंदरावांचा फोन आला. "बाळाचं मोठं आहे," ते म्हणाले. "साखरपुडा पुढं ढकलू. घाई कसली आहे?" मी म्हणाले, "नको, ढकलायला नको." एवढ्या घाईनं म्हणाले की त्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. पुढे आमचं लग्न झालं. औषधानं आलेले केस लग्नानंतर चार महिन्यांत गेले, आणि मी स्वतः सांगेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. पहिल्या भेटीत माझे केस कसे होते, हे त्यांना आजही आठवत नाही.

पुण्याला आम्ही चौघं गेलो. मंजिरी, अभिजितराव, रेवा आणि मी. दोन दिवस राहावं लागेल असं सांगितलं होतं, म्हणून मी पिशवीत कपडे भरले, रेवाची लंगोटं भरली आणि तळाशी रुमालात गुंडाळून ती बाटलीही घेतली. दोन दिवसांचा खंड पडायला नको म्हणून.

डॉक्टर बर्वे म्हणून बाई होत्या. त्यांनी रेवाला तपासलं, गोसावींची चिठ्ठी वाचली. रक्त घ्यायचं, मग झोपेचं औषध देऊन पोटाचं स्कॅनिंग करायचं ठरलं. एवढ्या लहान बाळाला झोपेचं औषध देताना थोडी जोखीम असते, छातीचे ठोके आधीच जलद आहेत म्हणून जरा जास्त, असं त्यांनी सांगितलं आणि अभिजितरावांची सही घेतली. सही करताना त्यांचं पेन दोनदा अडलं.

परिचारिका रेवाच्या हाताची शीर शोधत होती. एका हाताला सापडली नाही. दुसऱ्या हाताला सुई गेली, रक्त आलं नाही, सुई काढली. मंजिरीनं रेवाचे पाय धरले होते आणि मान भिंतीकडे फिरवली होती. रेवा आधी जोरात रडली, मग तिचा आवाजच बसला. तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि आवाज नाही. परिचारिका म्हणाली, "आता पायाला बघू. बाई, घट्ट धरा."

"थांबा," मी म्हणाले.

मला वाटत होतं मी ओरडले, पण आवाज कुजबुजीएवढाच होता. मी पिशवीत हात घातला, लंगोटांखालून रुमाल काढला आणि बाटली डॉक्टर बर्व्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे मी डोक्याला लावते," मी म्हणाले. "लावून हात न धुता तिची टाळू भरते. भरत होते. रोज."

बर्व्यांनी बाटली फिरवून वाचली. परिचारिकेला हातानं थांबायची खूण केली.

"किती लावता?"

"दोन ड्रॉपर. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. हल्ली एकेक."

"आणि बाळ कितव्या दिवसापासून तुमच्या हातात आहे?"

"बाराव्या."

"जवळ झोपते?"

"इथं," मी खांदा दाखवला. "केसांत तोंड घालून."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "औषध चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मीही देते, बायकांनाही देते. पण हे जास्त ताकदीचं आहे, आणि त्याच्या दुप्पट लावत होतात तुम्ही. तुमचंही ब्लडप्रेशर बघायला हवं. मोठ्या माणसाच्या डोक्याला जे लागतं, ते एवढ्याशा अंगात गेलं तर काय होणार?" मग त्या मंजिरीकडे वळल्या. "स्कॅनिंग आज करत नाही. झोपेचं औषधही नको. हृदयाची तपासणी करू, दोन दिवस इथं ठेवून ठोके बघू. मला वाटतं, गाठबीट काही नाही. स्पर्श थांबला की ठोके लवकर जागेवर येतील. केस गळायला पाच-सहा महिने लागतील, पण गळतील."

तसंच झालं. रेवा आज चौदा वर्षांची आहे, निकोप आहे, धावण्याच्या शर्यतीत नंबर काढते.

अभिजितराव खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना रडू आलं होतं, सुटकेचं. मंजिरीनं रेवाला छातीशी घेतलं आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. बसायचा धीर झाला नाही, समोर उभी राहिले. माझ्या मनात सगळी वाक्यं तयार होती. गोदाक्कानंच हात कोरडा ठेवायला सांगितला होता. मला ठाऊक नव्हतं. मुद्दाम कोण करेल?

"ताई, तुला ठाऊक नव्हतं ना गं," मंजिरीच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. "तू तरी काय करणार? आत्ता ती बाटली बघून लक्षात आलं असेल तुझ्या."

मी नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. तिनं दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत जायचं होतं. पण रेवाच्या दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवलेले होते आणि मला त्यांच्यावरून नजर काढता येईना.

"गोसावींनी विचारलं ना," मी म्हणाले, "तेव्हाच आलं होतं लक्षात."

मंजिरीला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती रागानं बोलली नाही. बाळ झोपलं असताना बोलतात तशी, अगदी हळू बोलली.

"म्हणजे मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.